जुन्या ट्रॅक्टरचा लाल जुळत का नाही?

तक्रार साधारण एकाच धर्तीची असते. जुना मॅसी फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनलचा बी-२७५ खोलला, पत्रा ठोकून सरळ केला, लांबी (पुट्टी) भरली, घासला आणि रंगवला. दुकानात बॉनेटचा तुकडा नेऊन शेड बनवून आणली होती. डब्यात बरोबर दिसत होती, गॅरेजातही बरोबर दिसत होती. ट्रॅक्टर उन्हात काढला तर लाल गुलाबीकडे झुकलेला. नाहीतर बॉनेटचा लाल वेगळा आणि मडगार्डचा वेगळा. नाहीतर सगळं ठीक जमलं, पण पुढच्या उन्हाळ्यात रंग विटला. मग पेंटर रंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि रंगवाला सांगतो की थिनर जास्त घातलं.

फरक नेमका कधी दिसला, हे आधी बघा. कारण तिथेच सापडतं. बाहेर काढताच दिसला तर नमुना चुकला किंवा उजेडाने फसवलं. एकाच ट्रॅक्टरच्या दोन भागांत दिसला तर खालचं अस्तर (प्रायमर) वेगळं होतं, हात कमी-जास्त बसले किंवा दोन डबे वेगवेगळ्या वेळी बनले. काही महिन्यांनी दिसला तर रंगाचा प्रकार किंवा रंगवायचा मोसम चुकला. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कारण न शोधता पुन्हा डबा आणून वरून एक हात मारला, तर पैसे जातात आणि पत्र्यावर एक जाड थर वाढतो.

कुठल्या सालचा ट्रॅक्टर आहे?

शेडच्या आधी साल ठरवा. फर्ग्युसन टीई-२० इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनला, पाच लाखांहून जास्त, आणि सगळा राखाडी. १९५६ मध्ये आलेल्या फर्ग्युसनच्याच एफई-३५ चा पत्रा राखाडी होता आणि इंजिन-गिअरबॉक्स तांबूस सोनेरी. लाल पत्रा आणि राखाडी धड (इंजिन-गिअरबॉक्स) ही आपल्या डोळ्यांत बसलेली जोडी १९५७ च्या अखेरीस आली. मॅसी फर्ग्युसन हे नाव १९५८ मध्ये. म्हणजे एखाद्याच्या हाती त्या आधीचा ३५ लागला आणि ‘मॅसी म्हणजे लाल’ म्हणून त्याने तो लाल केला, तर शेड कितीही तंतोतंत असली तरी ट्रॅक्टर चुकीचाच रंगला. सोनेरी धडाचे ३५ फारच थोडा काळ बनले. त्यातला एखादा लाल रंगाखाली गडप झालेला बघितला की खरंच वाईट वाटतं. सिरीयल नंबरची पट्टी आधी वाचा, रंगाचं नंतर.

फोर्डसन मेजरचंही तसंच. निळं धड आणि नारिंगी चाकं ही त्याची ओळख. नंतरच्या फोर्डच्या निळ्या-करड्या मॉडेलांकडे बघून चाकं करडी केली की ती ओळख गेली.

बी-२७५ मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, इंग्लंडमधला ट्रॅक्टर. १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तो मुंबईत कांदिवलीला बनू लागला. त्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव हाच सापडतो, आणि लाल जुळत नाही ही तक्रारही याच्याचबद्दल जास्त. हार्वेस्टरच्या अमेरिकन लालला २१५० हा क्रमांक आहे आणि परदेशातले लोक तोच सांगतात. तो सुरुवात म्हणून वापरा. तुमच्या ट्रॅक्टरवर कारखान्यात बसलेला लाल तोच होता असं गृहीत धरू नका, पत्र्यावर तपासा. आजच्या मॉडेलसाठी मिळणारा टच-अपचा डबा तर जुन्या लालशी जुळावा म्हणून बनवलेलाच नसतो.

नमुना बॉनेटचा नको

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. बॉनेटचा वरचा पत्रा म्हणजे अख्ख्या ट्रॅक्टरवर उन्हाने सर्वांत जास्त भाजलेली जागा. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातला बांधणारा भाग, म्हणजे राळ, तुटत जाते आणि रंगद्रव्य सुटं होऊन वर बसतं. बोट फिरवलं की लाल भुकटी लागते. ही भुकटी प्रकाश सगळीकडे विखुरते, म्हणून लाल पांढुरका, गुलाबीसर दिसतो. असा तुकडा दुकानात नेला की दुकानदार इमानदारीने गुलाबीच बनवून देतो. यंत्रावर मोजला तरी यंत्र ती भुकटीच मोजतं. चूक नमुन्यात असते.

खरा रंग झाकलेल्या जागी शोधा. मॉडेलच्या नावाची किंवा नंबरची पट्टी काढून तिच्याखाली बघा. हेडलाइटच्या मागे, डिझेलच्या टाकीच्या पट्ट्यांखाली, टूलबॉक्सच्या बुडाखाली, बॉनेट जिथे मागच्या पत्र्यावर टेकतं त्या रबराच्या पट्टीखाली, मडगार्डवर दिव्याचा ब्रॅकेट बसतो तिथे. यातल्या एखाद्या तरी जागी अंगठ्याएवढा धड रंग मिळतोच.

पण झाकलेला रंग कारखान्याचाच असेल असंही नाही. पन्नास-साठ वर्षांत ट्रॅक्टर दोन-तीनदा रंगवलेला असतो, तोही पट्टी काढून. म्हणून थर उघडून बघा. रुपयाएवढ्या जागेत ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून मधोमध खळगा पाडा, मग ८००, १२००, २००० असे बारीक करत कडा पसरवत जा. कापलेल्या बुंध्यावरच्या वलयांसारखे सगळे थर दिसू लागतात: वरचा नवा लाल, त्याखाली कुणीतरी मारलेला पीओ रेड (बाजारात तयार मिळणारा लाल), मग एखादा प्रायमर, मग जुना लाल, सगळ्यात आत कारखान्याचं अस्तर आणि पत्रा. पत्र्याकडून मोजत, पहिल्या अस्तराच्या लगेच वरचा रंग तुमचा. अस्तरालाच रंग समजू नका. ते नेहमी मंद असतं, घासून चमकत नाही. खरा रंग बारीक पेपर आणि मग रबिंग कंपाउंड फिरवलं की उजळतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. ओल्यात जी छटा दिसते ती मूळ झिलईतल्या छटेच्या जवळची असते.

हे घासकाम कोरडं करू नका. जुन्या लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आली ती २०१७ मध्ये. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि घासलेला गाळ, पोपडे गोळा करून बाजूला ठेवा. गोठ्याजवळ तर हे काम नकोच. जनावरं जुना रंग चाटतात आणि शिशाने गुरं दगावल्याची उदाहरणं पशुवैद्यकांना नवी नाहीत.

दुकानातल्या उजेडाचा खेळ

नमुना चांगला आहे, तरी बाहेर शेड वेगळी. कारण दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. जुना लाल ज्या रंगद्रव्यांनी बनला ती आज मिक्सिंगच्या मशीनमध्ये नसतात. दुकानदार दुसऱ्याच तीन-चार रंगांतून तो लाल गाठतो. ट्यूबलाइटखाली दोन्ही जुळले तरी उन्हात जुळतीलच असं नाही. त्यात दुकानांत लागणारे स्वस्त पांढरे एलईडी गडद लालच्या बाबतीत फार कच्चे असतात. त्यांच्याखाली लाल मळकट दिसतो. मग मिक्सिंगवाला तो उजळवायला जातो आणि रंग नारिंगीकडे सरकतो.

नमुन्याचा तुकडा आणि नवा रंग लावून वाळवलेली पट्टी शेजारी-शेजारी टेकवून दुकानाबाहेर या. मध्ये फट नको, दोन्ही एकाच कोनात हवेत. आधी सावलीत, उत्तरेकडच्या मोकळ्या उजेडात बघा, मग थेट उन्हात, मग संध्याकाळी. ऊन-सावली बघायला सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ चांगली. संध्याकाळचं तांबूस ऊन लालची सगळी खोट झाकतं, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नका. तीनही ठिकाणी जुळलं तर रंग घ्या. सावलीत जुळतोय आणि उन्हात नाही, अशा वेळी मी उन्हाची बाजू घेतो, कारण ट्रॅक्टर उभा राहणार तिथेच.

पट्टी वाळल्याशिवाय निकाल देऊ नका. सिंथेटिक इनॅमल ओलं असताना जसं दिसतं त्यापेक्षा वाळल्यावर बहुधा किंचित गडद होतं. डब्यात काठी बुडवून वर धरून ‘हाच’ म्हणणं हा घाईचा न्याय आहे. झिलईचाही परिणाम होतो. तोच रंग जास्त चकाकला की खोल, गडद दिसतो. म्हणून घासून उजळलेल्या नमुन्याशी चकचकीत पट्टी ताडा, मातकट नमुन्याशी नव्हे.

बाजारात सिग्नल रेड आणि पीओ रेड हे दोन लाल तयार मिळतात, आणि घाई असली की पेंटर त्यांतलाच एक डबा उचलतो. दोन्ही रंग चांगले आहेत, टिकाऊही आहेत, पण ते ट्रॅक्टरवाल्यांनी ठरवलेले नाहीत. कामाच्या ट्रॅक्टरला चालतील. जुनं रूप परत आणायचं असेल तर नको.

एका डब्यातून दोन लाल

बॉनेट आणि मडगार्ड एकाच डब्यातून रंगवले, तरी फरक. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण कारण सोपं आहे: लाल रंग खालचं झाकण्यात कमजोर असतो. आजचे बहुतेक शुद्ध लाल थोडे पारदर्शक असतात. बॉनेटला लांबी भरून वर फिकट करडा प्रायमर मारला होता, मडगार्डला रेड ऑक्साइड. वर तेवढेच दोन हात लाल बसले. बॉनेटचा लाल उजळ आला, मडगार्डचा तपकिरीकडे गेला. लांबीचा डाग मध्येच उघडा राहिला असेल तर तिथे फिकट ढगही दिसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पहिला, रंगाच्या आधी सगळ्या पत्र्यावर एकाच रंगाचं अस्तर आणा: बॉनेट, मडगार्ड, ग्रिल, टूलबॉक्स, सगळं. गंजासाठी खाली रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी काहीही असो, त्यावर शेवटचं अस्तर एकच हवं. लालखाली मी मध्यम करडं वापरतो; पांढऱ्यावर लाल झाकायला हात फार लागतात. दुसरा, किती हात लागतात हे आधी शोधा. पत्र्याची एक पट्टी घ्या, अर्धी काळी आणि अर्धी पांढरी रंगवून वाळवा, मग तिच्यावर आडवा लाल मारत जा. जितक्या हातांनंतर काळ्या-पांढऱ्याची सीमा उन्हात दिसेनाशी होते, तितके हात त्या रंगाला कमीत कमी लागतात. पेंटरने दोन सांगितले आणि पट्टीने चार, तर पट्टीचं ऐका. रंग किती लिटर घ्यायचा तेही इथेच ठरतं.

सगळा रंग एकदम घ्या. एक लिटर आधी आणि एक नंतर असे आणलेले डबे, तोच नंबर असला तरी, कधीकधी फरक दाखवतात. आणलेले सगळे डबे एका मोठ्या स्वच्छ बादलीत ओतून ढवळा, गाळून घ्या आणि मगच स्प्रे गनमध्ये भरा. बुडाशी बसलेलं रंगद्रव्य काठीने खरवडून वर आणल्याशिवाय ओतू नका. वरचा पातळ भाग बॉनेटला आणि बुडातला जाड मडगार्डला गेला तरी हीच तक्रार येते.

राखाडी हिरवट का दिसतो

धडाचा राखाडी लालपेक्षा सोपा वाटतो आणि तिथेच लोक फसतात. गिअरबॉक्सच्या कोपऱ्यांत ग्रीस-मातीच्या जाड थराखाली मूळ राखाडी छान टिकलेला असतो. डिझेलने भिजवून, मग साबणाच्या पाण्याने धुऊन तो काढता येतो. पण तेलापासून बनलेले अल्किड रंग अंधारात पिवळे पडतात. करड्यावर तो पिवळा चढला की डोळ्यांना हिरवट छटा दिसते, आणि तोच नमुना दुकानात गेला तर ट्रॅक्टर हिरवट होतो. धुतलेली जागा काही दिवस उन्हात राहू द्या. अंधारातला हा पिवळेपणा उजेडात बराचसा उतरतो. मग जुळवा. सायलेन्सरजवळचा किंवा इंजिन ब्लॉकचा नमुना घेऊ नका. उष्णतेने तो काळवंडलेला असतो. गिअरबॉक्सची बाजू किंवा मागच्या ॲक्सलचं कवच चांगलं.

धडाचे भाग अनेकदा जोडणी झाल्यावर रंगवलेले असतात, म्हणून बोल्टच्या डोक्याखाली रंग सापडला नाही तर गोंधळू नका. आणि फर्ग्युसनच्या राखाडीवरून केसाएवढ्या फरकासाठी भांडणारे लोक आहेत, त्यांच्यात पडू नका. दहा वर्षांत लाखो ट्रॅक्टर रंगले. सगळ्या लॉटांचा राखाडी एकच आला असेल असं मानणं अवघड आहे. तुमच्या ट्रॅक्टरवर सापडलेला राखाडी तुमच्यासाठी खरा.

करड्यावर गुलाबी डाग

हा दोष कमी लोकांना माहीत आहे आणि तो छळतो फार. आधी कुणीतरी सबंध धड लाल रंगवलेलं असतं. त्यावर तुम्ही राखाडी किंवा चाकांवर पांढरा मारता आणि दोन दिवसांत गुलाबी डाग उमटतात. आणखी एक हात मारला तरी पुन्हा तेच. जुन्या लालमधली काही रंगद्रव्यं, त्यातलं टोल्युइडीन रेड मुख्य, तीव्र थिनरमध्ये विरघळतात आणि ओल्या थरातून वर येतात. वरून कितीही हात मारा, जोवर थिनर खालपर्यंत पोचतंय तोवर लाल वर येणारच.

आधी चाचणी घ्या: जुन्या लालवर हातभर जागेत तुम्ही जे थिनर वापरणार त्याच थिनरने पांढरा प्रायमर मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गुलाबी दिसला तर तो लाल पत्र्यापर्यंत काढा. तेच खात्रीचं. अगदीच शक्य नसेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारून, पूर्ण पक्का होऊ देऊन, मग वरचा रंग. डबल खर्च, पण डागापेक्षा स्वस्त.

वर्षात विटला

साधं सिंथेटिक इनॅमल उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरवर फार काळ झिलई धरत नाही. ते त्याच्या घडणीतच आहे. हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग उन्हात जास्त टिकतो. मात्र त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने फुप्फुसांना इजा होते, कायमचा दमाही लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून पीयूची गन कुणी हातात घेऊ नये. बाहेरची हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर काम जाणत्या गॅरेजला द्या.

लाल जपायला थिनरचंही बघा. लवकर वाळावं म्हणून इनॅमलमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचं) थिनर ओतायची सवय आहे. त्याने झिलई मरते आणि विटायची सुरुवात पहिल्या दिवसापासून होते. डब्यावर लिहिलेलं थिनर, लिहिलेल्या मापात.

आणि मोसम. खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा असते, म्हणून सगळ्यांना तो दसऱ्याआधी रंगवून हवा असतो. म्हणजे काम भाद्रपदात, ऐन दमट हवेत. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि लालवर पांढुरकी झाक येते. लोक तिला विटणं समजतात. वरच्या थरातच असेल तर रबिंगने कधीकधी निघते. टाळायचं असेल तर पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं. मोजायचं साधन नसेल तर ओलं फडकं पत्र्यावर फिरवा; पंधरा मिनिटांत ओल उडाली नाही तर आज रंग नाही. मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावरही नको. रंग पोचायच्या आधी हवेत वाळतो आणि खरखरीत, फिका बसतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे कोरडे दिवस धरा. दसऱ्याला ट्रॅक्टर नुसता प्रायमरमध्ये पुजला तरी चालेल.

चाकांच्या चंदेरी रंगाबद्दल एवढंच: मॅसी १३५ सारख्या चंदेरी रिमवर ठिगळ मारू नका, अख्खा रिम एका दमात मारा. ॲल्युमिनियमचे कण ओल्या हातात खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, कोरड्या हातात वर राहतात आणि फिका दिसतो. हवेचा दाब, गनचं अंतर आणि थिनर चारही चाकांना तेच.

काम झालं की उरलेला रंग छोट्या डब्यात काठोकाठ भरून घट्ट झाका, म्हणजे आत हवा कमी राहील आणि साय धरणार नाही. डब्यावर मिक्सिंगचा फॉर्म्युला, थिनरचं नाव आणि माप, खालचं अस्तर, किती हात मारले आणि तारीख लिहा. त्याच रंगाची वाळलेली पट्टी घरात अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा आणि तिच्या मागेही तेच लिहा. लाल पट्टीला अंधार सोसतो. राखाडी किंवा पांढरी पट्टी मात्र जुळवायला काढाल तेव्हा आधी चार दिवस उन्हात ठेवा.